गप्प लिफ्ट

“आणि आता इथे टीप लिहून सेव्ह केलं, की ती टीप जशीच्या तशी राहते,” प्रशिक्षक म्हणाला आणि शाबासकीच्या अपेक्षेने त्याने सगळ्यांकडे पाहिले.

शाबासकी कोणी दिली नाही. हिशेबनीस पेनाच्या टोपणाने कान कोरत होता. तक्रारी घेणारी टेलिफोनवाली टेबलाखाली मोबाइल बघत होती. वर पंखा करकरत होता. फक्त टोकाच्या खुर्चीवरच्या ताईने मान वर केली.

“राहते म्हणजे?”

“म्हणजे राहते. उद्या उघडलंत तरी तिथेच असेल.”

“क्वेरीच्या आत?”

“आतच. हिरव्या अक्षरांत. हे बघा.” त्याने खिडकी बंद केली, पुन्हा उघडली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ‘ही माझी टीप आहे’ हे शब्द जागचे हललेही नव्हते.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मग इतकी वर्षं काय झोपा काढत होतात का तुम्ही लोक?”

“मी फक्त शिकवायला येतो हो, ताई,” तो बिचारा म्हणाला. “प्रोग्रॅम मी नाही लिहिला.”

टेलिफोनवाली फिसकन हसली. हिशेबनिसाने टोपण कानातून बाहेर काढले. ताई एवढी का पेटली, हे दोघांनाही कळले नाही, आणि कळण्यासारखे ते नव्हतेच. ती कंपनी लिफ्टची देखभाल करणारी. शहरभरच्या लिफ्टची नोंद एका डेटाबेसमध्ये होती: कोणती लिफ्ट कुठे, कधी तपासली, कोणी काय तक्रार केली. रोज सकाळी त्या प्रोग्रॅमला एकच प्रश्न विचारायचा असे, की बाबा रे, आज कोणकोणत्या लिफ्ट बघायच्या? मग तो मेकॅनिक लोकांच्या चिठ्ठ्या काढून देई. प्रोग्रॅमच्या भाषेत अशा प्रश्नाला क्वेरी म्हणत. त्या सगळ्या क्वेरी ताईच्या हातच्या होत्या. ती प्रत्येक अट वेगळ्या ओळीवर, घडी घातल्यासारखी नीट मांडून लिहायची. सेव्हचे बटण दाबले, की जुना प्रोग्रॅम त्या सगळ्या ओळी एकात एक कोंबायचा, नको तिथे कंस घालायचा आणि बाजूला लिहिलेली टीप ढेकर न देता गिळून टाकायचा. ताईने चिकाटीने पुन्हा लिहावे, त्याने पुन्हा गिळावे. शेवटी पालथ्या घड्यावर पाणी म्हणून तिने नाद सोडला होता. आता तिच्या चष्म्याचा नंबर वाढून थांबला, केस निम्मे पांढरे झाले आणि नवा प्रोग्रॅम अवतरला. अक्षर हवे तेवढे मोठे करा म्हणे. सगळ्या क्वेरींमधून एखादा शब्द शोधा म्हणे. ओळी जिथे ठेवाल तिथे राहतील, आणि टीप लिहा, ती जाणार नाही. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच!

“एक सांगतो,” प्रशिक्षकाने घाईने गाडी पुढे नेली. “टिपेत काय लिहायचं, यात सगळे चुकतात. अट काय करते, ते लिहू नका. ते अट वाचली की कळतंच. ती अट का आहे, ते लिहा. नव्या माणसाला ‘का’ कळत नसतं.”

“ऐकलंत ना, ताई?” दारातून आवाज आला. मालक कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. कंपनी ते एका मोठ्या कंपनीला देत होते. सौदा जवळजवळ ठरला होता आणि त्या लोकांनी अट घातली होती, की तुमचा डेटाबेस आमच्या माणसांना वाचून समजला पाहिजे. म्हणून तर हा नवा प्रोग्रॅम आणि हा पंखा करकरणाऱ्या खोलीतला वर्ग. “सगळं तुमच्या डोक्यात आहे, ते आता त्यात उतरवा. प्रत्येक अटीचं ‘का’ लिहा. काही म्हणजे काही सोडू नका.”

“काही सोडायचं नाही?” ताईने विचारले.

“काही नाही.”

“बरं,” ताई म्हणाली.

*

चिठ्ठ्यांच्या क्वेरीत एक अट होती, जिच्यावरून मालक वर्षानुवर्षे कुरकुरत. यादीत गप्प लिफ्ट सगळ्यांत वर येत. गप्प लिफ्ट म्हणजे जिची तक्रार कोणी केलेलीच नाही अशी. ओरडणारे गिऱ्हाईक खाली आणि मुक्या बिचाऱ्या वर, हा कुठला उलटा न्याय, असे मालक म्हणत. ताई ‘बघते’ म्हणायची आणि बघायची नाही.

कारण पूर्वी तिथे खरोखरच उलटी अट होती.

तेव्हा ताई नुसत्या तक्रारी टाइप करायची आणि क्वेरी वगैरे दुसरा एक संगणकवाला बघायचा. दादा, म्हणजे ताईचा सख्खा मोठा भाऊ, कंपनीतला सगळ्यांत जुना मेकॅनिक. त्यानेच शब्द टाकून ताईला तिथे चिकटवले होते. लिफ्टमध्ये शिरला, की दादा आधी भिंतीला तळहात टेकवायचा आणि डोळे मिटायचा. “बोलते का बघू,” म्हणायचा. लोक चेष्टा करत, पण बिघाड त्यालाच आधी कळायचा. त्या काळात मेकॅनिक कमी आणि कामे फार झाली होती. मालकांनी संगणकवाल्याला सांगून एक युक्ती केली: ज्या लिफ्टची तक्रार नाही, तिची चिठ्ठीच काढायची नाही. ओरडेल त्याच्याकडे जायचे. मेकॅनिकना याचा पत्ता नव्हता. चिठ्ठी आली की जायचे, एवढेच त्यांना ठाऊक.

एका जुन्या इमारतीत सगळी म्हातारी माणसे राहत. तक्रार करायची त्यांना सवय नव्हती. लिफ्ट जरा अडखळली, तर ती मुकाट जिना चढत. तिथली चिठ्ठी काही महिने निघालीच नाही. बाहेरच्या दाराचे कुलूप झिजत गेले. लिफ्ट खाली असताना वरचे दार उघडता कामा नये, ते एक दिवस उघडले. तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी दोन्ही हातांवर शिवलेल्या कपड्यांची चळत घेऊन निघाला होता. समोर लिफ्ट नाही, हे त्याला दिसलेच नाही.

चौकशीला माणसे आली, तोवर ती अट क्वेरीतून नाहीशी झाली होती. मालकांनी यादी काढून दाखवली. त्या इमारतीचे नाव यादीत ठळक होते. “चिठ्ठी काढली होती. मेकॅनिक गेलाच नाही,” मालक म्हणाले. दादा सांगत राहिला, मला चिठ्ठी मिळाली नाही, मला चिठ्ठी मिळाली नाही. त्याच्या सांगण्याला कोण विचारतो? संगणक खोटे बोलत नाही, असे चौकशीवाल्यांपैकी एक जण म्हणाला, आणि ताई पलीकडच्या टेबलावर टाइप करत ते ऐकत होती. दादाची नोकरी गेली. पुढे त्याला कोणी लिफ्टला हात लावू दिला नाही.

पुढे संगणकवाला सोडून गेला, ताई शिकून त्याच्या जागी बसली, आणि एका जुन्या यंत्रात तिला क्वेरीची जुनी प्रत सापडली. ती अट त्यात जशीच्या तशी होती. ती धावत मालकांकडे गेली. मालकांनी शांतपणे ऐकून घेतले, “चुकून पडली असेल त्याच्या हातून. झालं गेलं, आता कशाला उकरायचं?” म्हणाले, आणि ते जुने यंत्र त्याच आठवड्यात भंगारात गेले. घरी दादाने सांगितले, “तू नोकरी सोडू नकोस. एकाची तरी राहू दे.” म्हणून ती मूग गिळून तिथेच राहिली. फक्त तिने ती अट उलटी करून क्वेरीत घातली. गप्प लिफ्ट सगळ्यांत वर. आणि शेजारी कारण लिहिले. ते त्या प्रोग्रॅमने गिळले. पुन्हा लिहिले, पुन्हा गिळले. मालकाचे एक वेळ समजू शकते, त्याची कातडी वाचवायची होती. या मेल्या प्रोग्रॅमचे काय घोडे मारले होते तिने?

नवा प्रोग्रॅम आता गिळणार नव्हता. वर्ग संपल्यावर ताई आपल्या टेबलाशी बसली, अक्षर तिने चांगले ढळढळीत मोठे केले आणि लिहिले:

‘गप्प लिफ्ट यादीत सर्वांत वर येतात. कारण : पूर्वी या जागी उलटी अट होती. तक्रार नसेल तर चिठ्ठी काढायची नाही, अशी. ती मालकांच्या सांगण्यावरून घातली होती. तिच्यामुळे एका लिफ्टची चिठ्ठी निघाली नाही आणि अपघात झाला. अपघातानंतर ती अट काढून टाकली आणि दोष मेकॅनिकवर घातला. मेकॅनिकला चिठ्ठी मिळालीच नव्हती. त्याचा दोष नव्हता.’

सेव्ह केले. बंद केले. उघडले. शब्द होते. तिने पुन्हा बंद केले, पुन्हा उघडले. होते. तिचे डोळे भरून आले आणि आपण या निर्जीव खोक्यापुढे रडतो आहोत, याचाही तिला राग आला.

*

सगळ्या टिपा छापून मालकांच्या टेबलावर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावणे आले.

“हे काय आहे?” मालकांनी कागदावर बोट ठेवले.

“टीप.”

“ते दिसतंय. हे असलं कशाला लिहिलंत?”

“तुम्हीच म्हणालात, का ते लिहा. काही सोडू नका.”

“अहो, तांत्रिक कारण लिहायचं!”

“माणूस मेला, हे तांत्रिक नाही?”

मालकांनी चष्मा काढून पुसला. चिडले की ते आवाज चढवत नसत, उलट खाली आणत. “ताई, हे कागद त्या लोकांकडे जाणार. त्यांच्याकडे आपल्या माणसांची यादीही माझ्याच हातून जाणार आहे. तुमचं नाव त्यात आहे. मला ते तिथेच ठेवायचंय. उद्या सकाळपर्यंत ही टीप नीट करा. एक ओळ पुरे. ‘सुरक्षेच्या दृष्टीने.’ झालं.”

“आणि दादा?”

“तुमच्या भावावर खटला होऊ दिला नाही मी. नोकरीवर निभावलं. हे तुम्ही विसरलेल्या दिसता.”

चोराच्या उलट्या बोंबा! शिंप्याच्या मरणात ज्याचा हात, तो दादावर उपकाराची भाषा करत होता. तिला पुष्कळ बोलायचे होते, पण अशा वेळी तिची जीभ नेहमीच दगा द्यायची. ती उठली आणि दार आपटून बाहेर आली. निदान दार तरी तिने मनासारखे आपटले.

*

त्यांचे घर आता तळमजल्यावर होते. आधी ते चौथ्या मजल्यावर राहत. अपघातानंतर दादाने लिफ्टमध्ये पाय ठेवायचे सोडले आणि गुडघे बोलेपर्यंत जिना चढला, मग वहिनीनेच धडपडून ही खालची दोन खोल्यांची जागा शोधली. दादा एका शाळेच्या फाटकावर पहारेकरी होता.

संध्याकाळी तो येऊन पाय पसरून बसला होता आणि वहिनी त्याच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. ताईने चपला काढता काढताच सगळे सांगून टाकले. टीप राहते, इथपासून मालकांच्या खटल्याच्या बोलण्यापर्यंत.

वहिनी तेलाचा हात तसाच धरून उभी राहिली. “काढू नका, वन्सं! शेंडी तुटो की पारंबी तुटो. इतकी वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लाय या घरानं. गेली नोकरी तर गेली.”

“मी नाहीच काढणार,” ताई म्हणाली. “दादा, ऐकलंस ना? लिहून ठेवलंय मी. मेकॅनिकचा दोष नव्हता म्हणून. हिरव्या अक्षरांत.”

ताईला वाटले, आता तो शाबास म्हणेल. ती थांबली. दादाने पाय हळूहळू जवळ ओढून घेतले.

“शिंप्याचं काय लिहिलंस?”

“म्हणजे?”

“शिंपी. काय लिहिलंयस त्याच्याबद्दल?”

ताईने आठवून पाहिले. “अपघात झाला, असं लिहिलंय.”

“अपघात झाला!” दादा एकदम कडाडला. वहिनी दचकून मागे सरकली. “मालकही हेच म्हणत होता, अपघात झाला, अपघात झाला. मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय गं? माझी नोकरी गेली, ते बरं सविस्तर लिहिता आलं! त्याचा जीव गेला, त्याला अर्धी ओळ?”

“दादा, मी तुझ्यासाठी—”

“माझ्यासाठीच केलंस. तेच म्हणतोय मी.” त्याला धाप लागली. “मी तिथे जायचो ना, तेव्हा तो दार उघडंच ठेवायचा. पाणी द्यायचा. माझा टेस्टर सारखा खाली पडायचा, तर एक दिवस म्हणाला, काढ तो शर्ट. आणि उभ्या उभ्या आत एक चिंचोळा खिसा शिवून दिला. त्यानंतर टेस्टर कधी पडला नाही. चिठ्ठी नव्हती, म्हणून मी गेलो नाही. पण वाटलं होतं मला. अरे, बऱ्याच दिवसांत त्या बाजूला चिठ्ठी नाही, एक चक्कर टाकू. वाटलं आणि राहिलं. ते कोणत्या टिपेत घालशील?”

ताईला दादाचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग दोन्ही राग वळून जिथे जायचे तिथेच गेले, मालकांकडे. कारण त्या माणसाने ती एक अट घातली नसती, तर हा खिसा, हा गुडघा, ही न टाकलेली चक्कर, यांतले काहीच या खोलीत आले नसते.

*

सकाळी कंपनीत नेहमीची गडबड होती. ताईच्या टेबलाला लागून एक लांब फळी होती. तिच्या पलीकडे सगळे मेकॅनिक पिशव्या खांद्याला लावून चिठ्ठ्यांची वाट बघत उभे राहत. त्यांत सगळ्यांत म्हातारा पान्हाकाका. त्याचे खरे नाव पगारपत्रकाखेरीज कुठे उरले नव्हते. पान्हाकाका आणि दादा एकाच वर्षी लागलेले.

चिठ्ठ्या काढायच्या आधी ताईने क्वेरी उघडली आणि टिपेत भर घातली. सेव्ह केले. तेवढ्यात मालक आले. एरवी ते इतक्या लवकर कधी येत नसत.

“काढलीत का?” त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

“नाही,” ताई म्हणाली. “वाढवली.”

मालक वळसा घालून तिच्या मागे आले आणि पडद्याकडे वाकले. एवढ्या मोठ्या अक्षरांसाठी वाकायची काही गरज नव्हती. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल होत गेल्या. “ताई, तमाशा नको. लोक उभे आहेत.”

लोक उभे आहेत, हे ताईच्या तोवर ध्यानातच नव्हते. तिने मान वर करून पाहिले. जन्मभर दगा देणारी तिची जीभ आजही टाळ्याला चिकटली होती, पण आज तिला काही सुचायची गरज नव्हती. सगळे समोर लिहिलेले होते. ती उठून उभी राहिली आणि तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“‘गप्प लिफ्ट यादीत सर्वांत वर येतात. कारण, पूर्वी या जागी उलटी अट होती...’”

फळीपलीकडची कुजबुज थांबली. “बसा खाली!” मालक म्हणाले. ताई बसली नाही. ती वाचत गेली. मालकांच्या सांगण्यावरून घातली होती, हेही वाचले. मेकॅनिकला चिठ्ठी मिळालीच नव्हती, हे वाचताना तिचा आवाज चिरकला, तशी तिने ती ओळ दोनदा वाचली. मग तिने नवे लिहिलेले वाचले.

“‘त्या लिफ्टच्या खड्ड्यात पडून तिसऱ्या मजल्यावरचे शिंपी वारले. त्यांच्या दोन्ही हातांवर लोकांचे शिवलेले कपडे होते, म्हणून त्यांना समोरचं दिसलं नाही. त्या इमारतीतली माणसं तक्रार करणाऱ्यांतली नव्हती. जे तक्रार करत नाहीत, त्यांच्याकडे आधी जायचं. ही अट काढू नये.’”

टेलिफोन वाजत होता आणि टेलिफोनवाली तो उचलत नव्हती. मालकांनी ताईला बाजूला सारले, तिच्याच खुर्चीवर बसले आणि माउसने सगळी हिरवी अक्षरे पहिल्यापासून शेवटपर्यंत निवडली. बटण दाबले. ती जागा पांढरी झाली. मग त्यांचा हात थांबला. नव्या प्रोग्रॅममध्ये कुठे काय आहे, हे त्यांना माहीत नव्हते. वर्गात ते दारातच उभे होते.

“सेव्ह कुठे?” त्यांनी पडद्याकडे बघतच विचारले.

एवढे झाल्यावर हे ताईलाच विचारायचे! दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, शोधा तुम्हीच.

“डावीकडे. वरती,” ताई म्हणाली. “आणि खालच्या अटीला हात लावू नका. लावलात तर चिठ्ठ्या निघणार नाहीत आज.”

मालकांनी अटीला हात लावला नाही, सेव्ह तेवढे दाबले. ज्या इमानाने प्रोग्रॅमने टीप ठेवली होती, त्याच इमानाने त्याने ती नसलेली क्वेरी ठेवून घेतली.

“उद्यापासून येऊ नका,” मालक म्हणाले.

“आजच निघते. चिठ्ठ्या काढून.”

मालक आपल्या खोलीत गेले. ताईने चिठ्ठ्या काढल्या. छपाईयंत्र खडखडत एकेक कागद बाहेर टाकू लागले. तिने रोजच्यासारख्या त्या फाडून ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. एरवी चिठ्ठी हातात पडली, की माणसे धूम पळत. आज कोणी हलत नव्हते. पान्हाकाकाने आपली चिठ्ठी लांब धरून वाचली.

“ताई, या आताही तशाच निघतात ना? गप्प लिफ्ट वर?”

“तशाच.”

“मग ठीक.” त्याने चिठ्ठीची घडी घातली. “आम्हाला त्यानं सांगितलं होतं गं. चिठ्ठी नव्हती म्हणून. आम्ही मानेनं हो हो केलं आणि बाहेर येऊन म्हणालो, विसरला असेल.” एवढे बोलून त्याने खिशातून मोबाइल काढला आणि तो जिन्याकडे गेला.

*

ताईचे सामान थोडे होते. कप, चष्म्याचे घर, खुर्चीवरची उशी. ते पिशवीत भरायला वेळ लागायचे कारण नव्हते, पण राग आला की तिला बोटे साथ देत नसत. उशी पिशवीत मावेना. तिने ती काढली, पुन्हा कोंबली, पुन्हा काढली.

“अशी नाही जाणार. दुमडून घाल,” कोणीतरी म्हणाले.

फळीपलीकडे दादा उभा होता. पहारेकऱ्याच्या गणवेशात, टोपी हातात, घामाने निथळत. चार जिने चढून आला होता. ज्या दिवशी त्याला काढले, त्या दिवसानंतर त्याने या मजल्यावर पाऊल टाकले नव्हते. दोघेतिघे मेकॅनिक अजून रेंगाळत होते, ते बाजूला झाले. कोणीतरी खुर्ची पुढे केली. ती त्याने घेतली नाही.

“पान्ह्यानं फोन केला,” तो म्हणाला. “काढून टाकली ना टीप?”

“टाकली.”

“शिंप्याचं पण?”

“ते पण.”

दादाने पडद्याकडे पाहिले. तिथे आता नुसत्या अटी होत्या. त्यांतले त्याला काही कळत नव्हते. “इथे होतं?” त्याने विचारले. ताईने बोटाने जागा दाखवली. तो त्या मोकळ्या जागेकडे थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने उशी दुमडून पिशवीत घातली, पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि म्हणाला, “चल.”

ताई सवयीने जिन्याकडे वळली. दादाबरोबर असले की जिनाच, हे इतके अंगवळणी पडले होते, की तिने विचारलेही नाही. दोन पायऱ्या उतरल्यावर तिला कळले, की तो मागे नाही.

तो लिफ्टसमोर उभा होता. ही लिफ्ट मालकांची फार लाडकी. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ती दाखवत. ती बसवली होती दादाने. ताईला वाटले, त्याचे गुडघे संपले असावेत. ती परत वर आली आणि शेजारी उभी राहिली. दादाने बटण दाबले. आत खोलवर दोर हलल्याचा आवाज आला. दादाने भिंतीला तळहात टेकवला आणि डोळे मिटले.

लिफ्ट आली. दार सरकले. रागातच असलेली ताई पुढे निघाली, आणि दादाचा हात तिच्यासमोर आडवा आला. लहानपणी रस्ता ओलांडताना आडवा यायचा, तसाच.

“थांब.”

त्याने मान पुढे करून आत पाहिले. खाली पाहिले. एक पाय आत टाकून त्याने जमीन दाबून बघितली. हात तसाच आडवा होता. जमीन होती. मग त्याने दुसरा पाय आत घेतला, वळला आणि हात खाली केला.

“आहे,” तो म्हणाला. “ये.”